क्रॉसटॅब: मोजणी, टक्के आणि ‘शंभर कुणाचे?’

अहवालात ‘६२ टक्के’ असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारतो: कुणापैकी ६२? निम्म्या वेळा लिहिणाऱ्यालाच ते सांगता येत नाही. क्रॉसटॅब, म्हणजे दोन किंवा अधिक बाबींची एकत्र मोजणी मांडणारा तक्ता, काढायला आज्ञेची एक ओळ पुरते, आणि म्हणूनच घोळ होतो. आकडे संगणकाने दिले म्हणजे ते बरोबरच, असं धरून तक्ता थेट प्रबंधात किंवा संस्थेच्या वार्षिक अहवालात चिकटवला जातो. या लेखात मोजणीपासून टक्क्यांपर्यंतचा सगळा रस्ता आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत करून दाखवतो. वाटेत पांडाज (पायथन भाषेतलं डेटा हाताळायचं पॅकेज), एक्सेल वगैरेंचा उल्लेख येईलच.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्यांची मूळ रोमन स्पेलिंगं वापरायची. आर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करतं: टायटॅनिक, क्लास, सेक्स, एज, सर्व्हाइव्हड, फ्रीक या सगळ्या नावांचं पहिलं अक्षर मोठं आहे.

उदाहरण टायटॅनिकचं घेऊ. हा डेटा आरसोबतच येतो, वेगळा उतरवावा लागत नाही. १४-१५ एप्रिल १९१२च्या रात्री बुडालेल्या त्या जहाजावरच्या २२०१ माणसांची त्यात चार बाबतींत वर्गवारी आहे: क्लास (पहिला, दुसरा, तिसरा वर्ग आणि जहाजावरचे कर्मचारी), सेक्स, एज (फक्त मूल की प्रौढ, वर्षं नाहीत) आणि सर्व्हाइव्हड, म्हणजे वाचले की नाही. उदाहरण घासून गुळगुळीत झालेलं आहे, मान्य. पण त्यात एक गंमत दडलेली आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. तिथवर जाऊच.

पायरी १: डेटा कुठल्या रूपात आहे ते बघा

आधी त्याची साधी डेटा फ्रेम (ओळी-रकान्यांचा तक्ता) करून घ्या:

जहाज <- अ‍ॅज.डेटा.फ्रेम(टायटॅनिक)

हेड(जहाज) चालवून पहिल्या काही ओळी बघा आणि एनरो(जहाज) विचारा. उत्तर येईल ३२. माणसं २२०१ आणि ओळी ३२, कारण इथे एक ओळ म्हणजे एक माणूस नाही. ‘तिसरा वर्ग, पुरुष, प्रौढ, बुडाले’ ही एक ओळ आणि तिच्यापुढे फ्रीक या रकान्यात ३८७. चार वर्ग, दोन लिंगं, दोन वयोगट, दोन निकाल: ४ × २ × २ × २ = ३२.

आता नेहमीच्या सवयीने ही आज्ञा दिलीत:

टेबल(जहाज$क्लास, जहाज$सर्व्हाइव्हड)

तर आठही घरांत ४ येतात. टेबल हे फंक्शन ओळी मोजतं, आणि प्रत्येक वर्ग-निकाल जोडीच्या चारच ओळी आहेत. इथे सगळीकडे ४ दिसल्यामुळे चूक लगेच कळते. खऱ्या कामात, गावनिहाय गोषवाऱ्यासारख्या फायलीत, आकडे वेगवेगळे आणि पटण्यासारखे येतात आणि कुणाला शंकाही येत नाही.

गोषवाऱ्याच्या रूपातल्या डेटासाठी एक्सटॅब्ज वापरा:

तक्ता <- एक्सटॅब्ज(फ्रीक ~ क्लास + सर्व्हाइव्हड, डेटा = जहाज)

त्या नागमोडी चिन्हाच्या डावीकडे ज्याची बेरीज करायची तो रकाना, उजवीकडे ज्यांचा तक्ता करायचा ते. एका ओळीला एक माणूस असा कच्चा डेटा असेल तर डावी बाजू रिकामी सोडा, बाकी काही बदलत नाही. म्हणून मी दोन्हीकडे एक्सटॅब्जच वापरतो. शिवाय तक्त्यावर रकान्यांची नावं आपोआप येतात. टेबलला डॉलर चिन्हाने रकाने दिले की ती गळतात आणि चार दिवसांनी आडवं काय आणि उभं काय हे आठवत बसावं लागतं.

पांडाजच्या क्रॉसटॅबमध्ये हेच करायला व्हॅल्यूज म्हणून फ्रीक आणि अ‍ॅगफंक म्हणून सम द्यावं लागतं. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘वेट केसेस’, सास या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक फ्रीकच्या आत ‘वेट’ची ओळ.

बेरजांसकट तक्ता असा येतो (इथे लेबलं मराठीत केली आहेत):

| वर्ग | बुडाले | वाचले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला | १२२ | २०३ | ३२५ |
| दुसरा | १६७ | ११८ | २८५ |
| तिसरा | ५२८ | १७८ | ७०६ |
| कर्मचारी | ६७३ | २१२ | ८८५ |
| एकूण | १४९० | ७११ | २२०१ |

टक्क्यांकडे वळण्याआधी उजव्या कोपऱ्यातला एकूण आकडा तुमच्या माहितीशी ताडून बघा. तो जुळत नसेल तर पुढे जाऊच नका.

पायरी २: शंभर कुणाचे?

टक्के काढायचं फंक्शन प्रॉप.टेबल (नव्या आवृत्त्यांत त्यालाच प्रपोर्शन्स असंही नाव आहे). त्याला तक्त्यानंतर दुसरी गोष्ट काय देता, यावर सगळं ठरतं.

प्रॉप.टेबल(तक्ता, १) दिलंत तर प्रत्येक आडव्या ओळीचे शंभर होतात. पहिल्या वर्गातले ६२.५ टक्के वाचले, दुसऱ्यातले ४१.४, तिसऱ्यातले २५.२ आणि कर्मचाऱ्यांपैकी २४.०.

प्रॉप.टेबल(तक्ता, २) दिलंत तर प्रत्येक उभ्या रकान्याचे शंभर. वाचलेल्या ७११ जणांमध्ये पहिल्या वर्गाचे २८.६ टक्के, दुसऱ्याचे १६.६, तिसऱ्याचे २५.० आणि कर्मचारी २९.८.

काहीच दिलं नाहीत तर २२०१चे शंभर. तेव्हा ‘पहिला वर्ग आणि वाचले’ या घरात ९.२ टक्के येतात.

कर्मचाऱ्यांचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वाचलेल्यांमध्ये सर्वांत मोठा गट कर्मचाऱ्यांचा, २९.८ टक्के. आणि वाचण्याचं प्रमाण सर्वांत कमी कुणाचं? कर्मचाऱ्यांचंच, २४.०. दोन्ही वाक्यं खरी आहेत. ‘वाचलेल्यांत सर्वाधिक कर्मचारी’ असा मथळा देऊन कुणी सुचवलं की कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना सोडून स्वतःचा जीव वाचवला, तर आकडा बरोबर आणि निष्कर्ष साफ खोटा. कर्मचारी मुळातच ८८५ होते, बाकी कुठल्याही वर्गापेक्षा जास्त. म्हणून त्यांचा वाटाही मोठा दिसतो.

कुठली टक्केवारी घ्यायची याचा सोपा नियम: ज्या गटांची तुलना करायची, त्या प्रत्येक गटाचे शंभर धरा आणि मग आकडे एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे वाचा. वर्गांची तुलना करायची तर शंभर वर्गाचे. उभ्या टक्केवारीलाही तिची जागा आहे. वाचलेल्यांना घेऊन न्यूयॉर्कला निघालेल्या कार्पेथिया जहाजावर माणसांची सोय लावायची होती, तिथे ‘आलेल्यांत कोण किती’ हाच कामाचा प्रश्न. एकूणाची टक्केवारी मात्र मला क्वचितच उपयोगी पडते, तरी अहवालांत ती सर्रास दिसते, कारण काही न सांगता तीच मिळते.

एका परिस्थितीत निवडीला वावच नसतो. समजा तुम्ही १०० आजारी आणि १०० निरोगी माणसं मुद्दाम निवडून त्यांना तंबाखूबद्दल विचारलंत. इथे ‘तंबाखू खाणाऱ्यांपैकी इतके टक्के आजारी’ असं म्हणता येत नाही. आजारी-निरोगी यांचं निम्मं-निम्मं प्रमाण तुम्हीच ठरवलंय, ते गावातलं प्रमाण नव्हे. आजाऱ्यांपैकी किती जण तंबाखू खातात आणि निरोग्यांपैकी किती, एवढंच त्या तक्त्यातून सांगता येतं.

पायरी ३: बेरजा कधी जोडायच्या

बेरजांची ओळ आणि रकाना जोडायला अ‍ॅडमार्जिन्स आहे. आधी बेरजा जोडल्या आणि मग टक्के काढले की काय होतं बघा. पहिल्या वर्गाची ओळ होते १२२, २०३, ३२५. प्रॉप.टेबलला ही तिन्ही घरं सारखीच. तो त्यांची बेरीज ६५० धरतो. पहिल्या वर्गातले वाचलेले ६२.५ वरून ३१.२ टक्क्यांवर येतात आणि ‘एकूण’च्या घरात ५०. सगळे टक्के निम्मे झालेले आणि एकूण ५० असा तक्ता कुठे दिसला तर त्याचं कारण हेच.

उलट केलंत, म्हणजे आधी आडवे टक्के आणि मग दोन्हीकडे बेरजा, तर खालच्या ओळीत ६२.५, ४१.४, २५.२ आणि २४.० यांची बेरीज १५३च्या घरात जाते. या आकड्याला काही अर्थ नाही.

बरोबर रीत या दोन्हींच्या मधली आहे. आडवी टक्केवारी हवी असेल तर खालची ‘एकूण’ ओळ आधी जोडा, मग टक्के काढा, आणि उजवीकडचा शंभरचा रकाना सर्वांत शेवटी:

वर <- अ‍ॅडमार्जिन्स(तक्ता, १)
टक्के <- १०० * प्रॉप.टेबल(वर, १)
राउंड(अ‍ॅडमार्जिन्स(टक्के, २), १)

खालच्या ओळीत आता ३२.३ येतात: जहाजावरच्या सगळ्यांपैकी वाचलेले. तुलनेसाठी हा आकडा हवाच. पांडाजमध्ये नॉर्मलाइजला ‘इंडेक्स’ आणि मार्जिन्सला ट्रू दिलं की ही ओळ आपसूक बरोबर येते. याबाबत पांडाज आरपेक्षा शहाणं आहे.

टक्क्यांच्या शेजारी मूळ संख्या द्याच. ‘दुसऱ्या वर्गातली १०० टक्के मुलं वाचली’ हे वाक्य २४ मुलांबद्दल आहे. पहिल्या वर्गातलीही १०० टक्के, पण ती ६ मुलं. आणि तिथे डेटाच्या खरेपणाचाही प्रश्न येतो: लोरेन अ‍ॅलिसन ही पहिल्या वर्गातली दोन वर्षांची मुलगी त्या रात्री दगावली, पण आरच्या या तक्त्यात तिच्यासाठी जागा नाही. छेद सहाचा असला की एका नोंदीने १०० टक्क्यांचं काय होतं याचा अंदाज करा. तिसऱ्या वर्गात ७९ पैकी २७ मुलं वाचली, ३४.२ टक्के. कर्मचाऱ्यांत मुलं नव्हतीच, तेव्हा त्या घरात शून्य भागिले शून्य होऊन ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) असं येतं. तिथे ० टक्के लिहू नका. शून्य टक्के म्हणजे होती पण एकही वाचलं नाही. तिथे आडवी रेघ ओढा.

संख्या आणि टक्के एकाच घरात हवे असतील तर जॅनिटर या पॅकेजचं टॅबिल वापरा. त्यापुढे अ‍ॅडॉर्न_पर्सेंटेजेस, अ‍ॅडॉर्न_पीसीटी_फॉरमॅटिंग आणि शेवटी अ‍ॅडॉर्न_एनएस, याच क्रमाने. त्याला एका ओळीला एक माणूस असा डेटा लागतो. टायडीआरचं अनकाउंट(जहाज, फ्रीक) केलं की ३२ ओळींच्या २२०१ होतात.

पायरी ४: पूर्णांकांचा हट्ट

वाचलेल्यांची उभी टक्केवारी पूर्णांकात करा: २९, १७, २५, ३०. बेरीज १०१. बुडालेल्यांची करा: ८, ११, ३५, ४५. बेरीज ९९. एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी, आणि चूक कुठेच नाही. बेरीज १०० यावी म्हणून एखादा आकडा हळूच सरकवण्याची पद्धत कचेऱ्यांत रूढ आहे. ती पाळू नका. तक्त्याखाली ‘पूर्णांकात केल्यामुळे बेरीज १०० येईलच असं नाही’ अशी ओळ टाका. एक दशांश ठेवलात तर या उदाहरणात प्रश्नच उरत नाही. पण ४० जणांच्या सर्वेक्षणात दोन दशांश देणं हा निव्वळ दिखावा.

आर आणि पायथनमध्ये २.५ राउंड केले की २ येतात, एक्सेलमध्ये ३. दोन सहकाऱ्यांचे तक्ते एका अंकाने जुळेनासे झाले तर भांडण्याआधी हे आठवा.

पायरी ५: गाळलेली उत्तरं

टेबल हे फंक्शन एनए, म्हणजे नसलेली माहिती, गुपचूप वगळतं. इथे टायटॅनिकचीच दुसरी फाइल घेतो, कॅगल या डेटाच्या संकेतस्थळावरची ८९१ प्रवाशांची. तिच्यात एम्बार्क्ड या रकान्यात कोण कुठल्या बंदरात चढलं ते आहे: साउदॅम्प्टन ६४४, शेरबूर १६८, क्वीन्सटाउन ७७. बेरीज करा, ८८९ येते. दोघांची जागा कोरी आहे.

रीड.सीएसव्हीने फाइल वाचली तर ती कोरी जागा एनए होत नाही. ती बिननावाचा चौथा गट म्हणून तक्त्यात येते, आणि पहिल्याच रकान्यावर नाव का नाही म्हणून माणूस गोंधळतो. वाचतानाच एनए.स्ट्रिंग्जमध्ये रिकामं अवतरण दिलंत तर ती एनए होते आणि मग तक्त्यातून नाहीशीच. ते दोघेही पहिल्या वर्गातले; त्या वर्गाचे प्रवासी २१६ असून तक्ता २१४ सांगतो. पांडाजमध्ये ती जागा वाचतानाच नॅन होते आणि क्रॉसटॅब ती गाळतं. आरमध्ये टेबलला यूजएनए = ‘इफएनी’ सांगा; पांडाजमध्ये आधी फिलएनएने ‘माहिती नाही’ असं भरून घ्या.

दोन माणसांनी फरक पडत नाही. पण समजा १०० जणांना विचारलं, ४० जणांनी उत्तरच दिलं नाही आणि ३० जण ‘हो’ म्हणाले. उत्तर दिलेल्यांचे शंभर धरलेत तर ५० टक्के, विचारलेल्यांचे धरलेत तर ३०. उत्पन्न, जात, दारू असल्या प्रश्नांना हे नेहमी घडतं. दोन्ही छेद तक्त्यातच सांगावे.

पायरी ६: तिसरा घटक

आता ती गंमत. तिसरा वर्ग आणि कर्मचारी: २५.२ आणि २४.०. तिसऱ्या वर्गातले प्रवासी किंचित जास्त वाचले असं दिसतं. स्त्री-पुरुष वेगळे करून बघू:

तीन <- एक्सटॅब्ज(फ्रीक ~ सेक्स + क्लास + सर्व्हाइव्हड, डेटा = जहाज)
एफटेबल(राउंड(१०० * प्रॉप.टेबल(तीन, सी(१, २)), १))

इथे सी(१, २) चा अर्थ असा की ‘तिसऱ्या वर्गातल्या स्त्रिया’ अशा प्रत्येक जोडगटाचे वेगळे शंभर. नुसतं १ दिलंत तर जहाजावरच्या सगळ्या पुरुषांचे मिळून शंभर होतील आणि आकडे ओळखूही येणार नाहीत. एफटेबल फक्त तक्ता सपाट करून वाचण्याजोगा मांडतो.

| | पुरुष | स्त्रिया | सगळे |
|---|---|---|---|
| तिसरा वर्ग | ५१० पैकी ८८ (१७.३%) | १९६ पैकी ९० (४५.९%) | ७०६ पैकी १७८ (२५.२%) |
| कर्मचारी | ८६२ पैकी १९२ (२२.३%) | २३ पैकी २० (८७.०%) | ८८५ पैकी २१२ (२४.०%) |

पुरुषांमध्ये कर्मचारी पुढे. स्त्रियांमध्येही कर्मचारी पुढे, तेही खूप. आणि दोघांना एकत्र केलं की कर्मचारी मागे. हिशेबात काही चुकलेलं नाही. त्या रात्री स्त्रियांना आधी होड्यांमध्ये बसवलं गेलं. जहाजावरच्या ४७० स्त्रियांपैकी ३४४ वाचल्या, १७३१ पुरुषांपैकी ३६७. तिसऱ्या वर्गात जवळजवळ २८ टक्के स्त्रिया होत्या, कर्मचाऱ्यांत ३ टक्केही नव्हत्या. एकूणाच्या रकान्यात वर्गाचा परिणाम आणि स्त्रियांच्या संख्येचा परिणाम एकमेकांत मिसळला आहे.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१च्या लेखावरून. त्याआधी संख्याशास्त्रज्ञ यूल यांनीही तो दाखवला होता. यावर कुठलीच आज्ञा इलाज करत नाही. कुठला तिसरा घटक आत आणायचा हे विषयाच्या माहितीवरून ठरतं, आणि ती माहिती तुमच्याकडे असायला हवी. शाळागळतीचा तक्ता असेल तर मुलगा-मुलगी, इयत्ता, घरापासूनचं अंतर यांपैकी काय आधी फोडायचं ते त्या गावात फिरलेला माणूस सांगेल. मात्र फोडत गेलं की घरं बारीक होतात. वरचे ८७ टक्के २३ जणींचे आहेत, हे नजरेआड करू नका. तीन घटकांच्या पुढे मी तक्ता नेत नाही. तिथून पुढे लॉजिस्टिक रिग्रेशनचं (अनेक घटकांचा परिणाम एकाच वेळी मोजायच्या पद्धतीचं) काम.

काय-वर्ग चाचणी, थोडक्यात

तक्त्यातल्या दोन बाबींचा एकमेकींशी संबंध आहे की दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा, हे काय-वर्ग चाचणी तपासते. ती नेहमी मूळ संख्यांवर करा. चिस्क.टेस्ट(तक्ता) १९०.४ देतं, स्वातंत्र्यमात्रा ३. चुकून आडव्या टक्क्यांचा तक्ता दिलात तर येतात ४१च्या आसपास, कारण चाचणी समजते की प्रत्येक वर्गात १००च माणसं होती. दोन्हीकडे पी-मूल्य (संबंध नसताना इतका फरक योगायोगाने येण्याची शक्यता) अगदी लहान येत असल्यामुळे घोळ लक्षातही येत नाही. आणि बेरजांच्या ओळीसकट तक्ता तर देऊच नका.

मराठी लेबलं आणि एक्सेल

लेबलं मराठीत हवी असतील तर फॅक्टरमध्ये (आरमधला गटांचा रकाना) लेव्हल्स (मूळ गट, हव्या त्या क्रमाने) आणि लेबल्स (दाखवायची नावं) दोन्ही द्या. लेव्हल्स दिल्या नाहीत तर आर अक्षरक्रम लावतं आणि ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी’ यांची खिचडी होते. कन्सोलवर देवनागरी लेबलांचे रकाने सरळ रेषेत बसत नाहीत. मात्रा आणि जोडाक्षरांची रुंदी कन्सोलला नीट मोजता येत नाही. त्यात वेळ घालवू नका, तक्ता फाइलमध्ये काढा.

फाइल सीएसव्ही असेल तर ती एक्सेलमध्ये उघडताच ‘पहिला’च्या जागी à¤ सारखी चिन्हं दिसू शकतात. डेटा शाबूत असतो, फक्त फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. रीडर पॅकेजचं राइट_एक्सेल_सीएसव्ही वापरा, किंवा पांडाजमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. एक्सटॅब्जच्या तक्त्याची नुसत्या अ‍ॅज.डेटा.फ्रेमने डेटा फ्रेम केलीत तर तो पुन्हा लांबलचक फ्रीकच्या रूपात जातो, म्हणून आधी अ‍ॅज.डेटा.फ्रेम.मॅट्रिक्सने त्याचं रूपांतर करा. असं केल्यावर वर्गांची नावं ओळींच्या नावांत जातात आणि राइट_एक्सेल_सीएसव्ही ती लिहीत नाही, तेव्हा ती एका स्वतंत्र रकान्यात घेऊन मगच फाइल लिहा.